स्तंभ दिसताच कुचला नको

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या ‘जीबीएस’चे, रुग्ण एकामागून एक आढळू लागले आणि पाहता पाहता त्यांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्या जंतूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात, पायांतून वर चढत जाणारे दौर्बल्य येते आणि काही रुग्णांत श्वसनालाही बाध येतो, ही माहिती त्या दोन महिन्यांत घरोघरी पोहोचली. ‘ऑटोइम्यून’ हा शब्द रुग्ण आपण होऊन उच्चारू लागले. वैद्यांच्या दृष्टीनेही तो काळ बोधप्रद होता. दूष्य, अधिष्ठान आणि लक्षण यांचा इतक्या थोड्या अवधीत, इतक्या जवळून विचार करण्याची वेळ आपल्यावर क्वचित येते.

प्रस्तुत लेखाचा विषय जीबीएस नाही. त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला उभ्या असलेल्या एका विकाराविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. जीबीएसमध्ये पेशी शिथिल होतात, येथे त्या ताठरतात. तेथे दिवसांत रोग चढतो, येथे वर्षे लोटतात. ‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’ या नावाने तो ओळखला जातो. साधारणतः दहा लाखांत एक-दोन रुग्ण, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. म्हणजे पुण्यासारख्या महानगरातही असे रुग्ण बोटांवर मोजता येतील इतकेच असणार. मग त्रैमासिकाची पाने त्यासाठी का खर्च करावीत, असा प्रश्न वाचक वैद्यमित्रांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर असे की, हा रुग्ण मज्जाविकारतज्ज्ञाकडे पोहोचण्यापूर्वी बहुधा आपल्या दारावरून जातो. कंबर धरली, पाठ धरली, पोट दगडासारखे झाले अशी त्याची तक्रार असते, आणि अशा तक्रारीसाठी आजही अनेक कुटुंबे प्रथम वैद्याकडे येतात. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, स्तंभ पाहताच आपला हात सवयीने ज्या एका औषधाकडे जातो, ते औषध या व्याधीत अपायकारक ठरण्याचा संभव आहे. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

१९५६ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या मोर्श व वोल्टमन या दोन चिकित्सकांनी चौदा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचा पहिला रुग्ण आयोवा प्रांतातील एक शेतकरी होता. त्याला त्यांनी १९२४ मध्ये पाहिले होते. एकाच प्रकारचे चौदा रुग्ण जमेपर्यंत बत्तीस वर्षे थांबण्याची ही चिकाटी आपणांसही विचार करावयास लावणारी आहे. मान, पाठ व पोट यांच्या पेशींमध्ये प्रथम अधूनमधून आणि पुढे सतत ताठरपणा, त्यावर अचानक येणारे वेदनायुक्त आक्षेप, आणि तोल जाताच हात पुढे न करता लाकडी बाहुल्याप्रमाणे कोसळणे, असे ते चित्र होते. त्यांनी नाव दिले ‘स्टिफ मॅन’. पुढे लक्षात आले की हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो, तेव्हा ‘मॅन’ जाऊन ‘पर्सन’ आले. नावातच पुरुष असल्यामुळे किती स्त्रियांचे निदान लांबले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या गायिका सेलिन डिऑन यांनी आपणांस हा विकार असल्याचे जाहीर केले, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी त्या पुन्हा गायल्या. त्यामुळे व्याधीचे नाव सर्वतोमुखी झाले, हा लाभच. मात्र त्या गायल्या म्हणजे बऱ्या झाल्या, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

आता संप्राप्तीविषयी. आपण हात वाकवतो तेव्हा पुढची पेशी आकुंचन पावते आणि मागची सैल होते. ही सैल होण्याची आज्ञा सुषुम्नेत दोन द्रव्यांच्या द्वारे दिली जाते. एक गॅबा, दुसरे ग्लायसीन. ती पोहोचली नाही तर पुढची व मागची पेशी एकाच वेळी आकुंचन पावते आणि अवयव दोन्हीकडून जखडला जातो. स्टिफ पर्सन सिंड्रोमच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात गॅबा तयार करणाऱ्या ‘गॅड’ नामक विकराविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. हा शोध १९८८ सालचा. ही प्रतिपिंडे रोगाचे प्रत्यक्ष कारण की केवळ त्याची खूण, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, कारण त्यांचे प्रमाण आणि रोगाची तीव्रता यांचा मेळ बसत नाही. काही थोड्या रुग्णांत ग्लायसीनच्या ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, आणि त्यांच्यातील व्याधीचे रूप अधिक उग्र असू शकते. क्वचित प्रसंगी स्तनाच्या कर्करोगासारखा अर्बुद मागे दडलेला असतो. इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह, अवटु ग्रंथीचे विकार, श्वित्र यांची सोबत तर नेहमीची. ताठरलेल्या पाठीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीच्या हातावर श्वित्राचा डाग दिसला, तर त्या डागाकडे दुर्लक्ष करू नये.

ग्रंथांकडे वळलो की मोह अनावर होतो. चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सिताध्यायात हात, पाय, शिर, पृष्ठ आणि श्रोणी यांचा स्तंभ होऊन दंडाप्रमाणे ताठ झालेल्या शरीराचे वर्णन ‘दंडक’ या नावाने केले आहे आणि त्यास अनुपक्रम म्हटले आहे. आयोवाचा लाकडी माणूस आणि चरकांचा दंड यांतील साम्य कोणाही वैद्याला क्षणभर रोमांचित करील. सुश्रुतांनी निदानस्थानात दंडापतानक सांगताना वायूला कफाची जोड दिली आहे आणि व्याधी कृच्छ्र म्हटली आहे. एक आचार्य असाध्य म्हणतात, दुसरे कष्टसाध्य. एकाकडे वायू प्रधान, दुसऱ्याकडे कफान्वित वायू. हा भेद केवळ पाठभेदाचा नाही. त्यावर स्नेहन करावे की रूक्षण, हा चिकित्सेचा पहिलाच निर्णय अवलंबून आहे. ऊरुस्तंभात स्नेहन व पंचकर्म निषिद्ध मानले आहे, हे आपण सारे जाणतो. शब्द एकच, ‘स्तंभ’, पण एका ठिकाणी तैल अमृत आणि दुसऱ्या ठिकाणी विष.

तथापि या साम्यावरून दंडक म्हणजेच स्टिफ पर्सन सिंड्रोम, असे लिहून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. आक्षेपकादी व्याधींत वेग ओसरल्यावर रुग्णास स्वास्थ्य लाभते, असे वाग्भटांनी नमूद केले आहे. येथे वेग ओसरला तरी मूळचा ताठरपणा राहतोच, तो बव्हंशी निद्रेतच सुटतो. शिवाय धनुर्वात, कुचल्याची विषबाधा आणि इतरही काही अवस्था दंडकाच्या वर्णनात बसू शकतात. ‘गॅबा म्हणजे कफ’, ‘प्रतिपिंड म्हणजे आम’ अशी समीकरणे अलीकडे चर्चासत्रांतून फार ऐकू येतात. ती टाळ्या मिळवतात, पण रुग्णाच्या शय्येपाशी त्यांचा काहीही उपयोग होत नाही. चरकांनीच सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात सांगून ठेवले आहे की, एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजण्याचे कारण नाही, कारण सर्वच विकारांना ठरावीक नावे नसतात. प्रकृती, अधिष्ठान आणि हेतू जाणून त्याने चिकित्सा करावी. इतकी मोकळीक ग्रंथकारांनी दिलेली असताना आपण नावासाठी का झटावे?

आणि नाव चुकले तर काय होते ते पाहा. ‘वातव्याधी’ असे एकदा पत्रावर लिहिले की पुढचे औषध जणू आपोआप उतरते. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, किंवा कुचल्याचा एखादा अन्य कल्प. पक्षाघातात, अर्दितात, शैथिल्य आणि दौर्बल्य असलेल्या अवस्थांत कुचला पिढ्यान् पिढ्या दिला जात आहे. आमच्या चिकित्सालयातही ही बाटली हाताला सहज लागेल अशा जागी असते. (जीबीएसमध्ये कुचला द्यावा, असे आम्ही सुचवीत आहोत असा अर्थ मात्र कोणी काढू नये.) कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे द्रव्य करते काय? सुषुम्नेतील ग्लायसीनचे ग्राहक ते अडवते. म्हणजे सैल होण्याची जी आज्ञा या व्याधीत आधीच क्षीण झाली आहे, तिच्यावरच कुचला दुसरा आघात करतो. अल्प मात्रेत चेतना वाढल्याचा भास होतो. मात्रा वाढली की किंचित आवाजाने, स्पर्शाने शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. धनुर्वाताचे विषही याच आज्ञेचा मार्ग, वेगळ्या ठिकाणी, रोखते. धनुर्वात, कुचल्याची विषबाधा आणि आपला प्रस्तुत व्याधी, तिघांचे लक्षणसाम्य हा योगायोग नव्हे.

गोमूत्र, दूध, घृत यांनी शोधन केल्यावर कुचल्याची उग्रता कमी होते, हे खरे. ती नाहीशी होते असे मानणे योग्य नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांत कुचल्याचा समावेश आहे, तो उगाच नाही. आमचे हे प्रतिपादन द्रव्याच्या क्रियेच्या ज्ञानावर आधारलेले आहे, रुग्णसंख्येवर नाही. परंतु शंभर रुग्णांना अपाय झाल्याची आकडेवारी जमेपर्यंत वाट पाहावी, असे येथे कोणीही म्हणणार नाही.

कुचला न देता रुग्ण ओळखावा कसा? पाठीचा कणा कमरेशी नको तितका आत वळलेला, पोटाच्या पेशी फळीसारख्या कठीण, खाली वाकून चप्पल घालता न येणे, आणि हे सर्व महिनोन् महिने सावकाश वाढलेले. सकाळी अधिक जखडणारी पाठ संधिगत विकारातही दिसते, परंतु तेथे अस्थिसंधींत बदल सापडतात. येथे चित्रणात त्या मानाने काहीच दिसत नाही आणि त्यामुळेच घोटाळा होतो. सर्वांत बोलकी खूण आवाजाची आहे. दार आपटले, मागून कोणी हाक मारली, भोंगा वाजला की शरीर एकदम आखडते. लक्ष्मी रस्ता ओलांडताना मध्यावर पाय जागच्या जागी खिळणे आणि दोन्ही बाजूंनी वाहने येत असता हलता न येणे, याची कल्पना करावी. दगडूशेठ मंदिराच्या परिसरात राहणाऱ्या अशा रुग्णाला गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि विसर्जन मिरवणुकीतील ढोल-ताशांचा गजर कसा सोसत असेल? तो घराबाहेर पडणे बंद करतो. घरचे म्हणतात, मनाने घेतले आहे. दुर्दैवाने वैद्यकातील अनेकांनीही तेच म्हटले आहे, आणि अशा रुग्णांना उन्मादी ठरवून वर्षानुवर्षे मानसोपचार दिल्याच्या नोंदी जगभर आहेत. आपणही भय व चिंता हे वाताचे हेतू म्हणून चटकन लिहून टाकतो. येथे भय हा हेतू नसून पडण्याच्या अनुभवातून आलेला परिणाम आहे, याचे भान ठेवावे.

आवरणांच्या संदर्भात चरकांनी म्हटले आहे की, ती वेळीच ओळखली गेली नाहीत, वर्षभर तशीच राहिली, तर असाध्य किंवा दुःसाध्य होतात. या व्याधीचे निदान होण्यास बहुधा अनेक वर्षे लागतात. तेव्हा संशय येताच मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवणे, यात आयुर्वेदाची काहीही मानहानी नाही. गॅडविरुद्ध प्रतिपिंडांची रक्तपरीक्षा आणि पेशींच्या विद्युत्क्रियेचे आलेखन, या दोन परीक्षांनी बरेच काही स्पष्ट होते. मात्र इन्सुलिनवरील मधुमेहातही ही प्रतिपिंडे असतात. तेथे प्रमाण थोडे, येथे फार मोठे. एवढ्या एका आकड्यावरून मधुमेही रुग्णाच्या साध्या कटिशूलाला हे भयंकर नाव देऊ नये.

निदान झाल्यावर आपल्यासमोर दुसरा प्रसंग उभा राहतो, आणि आम्हांस तो कुचल्याइतकाच गंभीर वाटतो. या रुग्णांना डायझेपाम दिले जाते. १९६३ पासून ते या व्याधीत वापरात आहे. एरव्ही माणूस दिवसभर झोपून राहील इतकी मात्रा घेऊनही हा रुग्ण जागा असतो आणि चालू लागतो. उपशयाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. पण नातेवाईकांच्या दृष्टीने ती ‘झोपेची गोळी’ असते, व्यसन लावणारी असते, आणि ती सोडवण्यासाठीच त्यांनी वैद्याकडे धाव घेतलेली असते. “वैद्यराज, एवढी ही गोळी बंद करून द्या,” ही विनंती ऐकली नाही असा व्यावसायिक आपल्यात क्वचितच असेल. ती मान्य करून डायझेपाम किंवा बॅक्लोफेन एकाएकी थांबवल्यास तीव्र आक्षेप, अपस्मारासारखे झटके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. मात्रा कमी करावयाची ती ज्याने सुरू केली त्याच्याच देखरेखीखाली, अत्यंत सावकाश. आपल्या औषधाने बरे वाटू लागले म्हणून रुग्णाने परस्पर गोळी सोडली नाही ना, हे प्रत्येक भेटीत विचारणे आपलेच काम आहे.

येथे अरिष्टांविषयी एक वाक्य. दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांत स्वयंजात मद्यांश असतो, आणि तो डायझेपामच्या जोडीने ग्लानी व श्वसनाचे मांद्य वाढवू शकतो. तगर, जटामांसी, सर्पगंधा यांचेही तसेच.

ऑटोइम्यून म्हटले की ‘प्रतिकारशक्ती वाढवू’ असे म्हणून गुडूची लिहिण्याचीही प्रथा पडली आहे. जेथे प्रतिकारशक्तीच स्वकीयांवर उलटली आहे, तेथे ती वाढवणे म्हणजे नेमके काय? मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्यांत ऑटोइम्यून यकृतशोथासारखी चिन्हे दाखवली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचा, तिच्याऐवजी दुसरी सदृश जाती वापरली गेल्याचा संभव पुढे करून त्यावर आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य असेलही. पण मग बाजारातून आणलेली गुळवेल कोणत्या जातीची आहे, हे रोज ती लिहून देणारे आपण तरी पडताळून पाहतो काय?

मग आपण करावयाचे काय, की हात जोडून बसावयाचे? तसे मुळीच नाही. सुखोष्ण तैलाचा अत्यंत मृदू अभ्यंग, तोही आधी सांगून, हात लावतो आहोत हे रुग्णास कळू देऊन. शीत स्पर्शाने आक्षेप येतो, म्हणून तैल, हात, खोली, सारेच उबदार. अभ्यंगाच्या खोलीत भ्रमणध्वनी नको, दार हलके लावावे. मर्दन, ताडन, जोराने अवयव ताणणे वर्ज्य. स्नेहबस्ती द्यावयाचा तर मात्राबस्तीपासून, रुग्णाला डाव्या कुशीवर हळूहळू वळवून, आणि मधुमेहाची स्थिती पाहून. पोटाच्या ताठरपणामुळे व औषधांमुळे मलावष्टंभ ठरलेला, तो सुधारला तरी रुग्णाचे निम्मे हाल संपतात. बरगड्यांच्या पेशी जखडल्याने श्वास अपुरा पडतो, म्हणून कपालभातीसारखे झटके देणारे प्रकार नकोत. सावकाश श्वसन पुरे. आणि ‘तुम्हाला वेड लागलेले नाही’ हे कोणीतरी अधिकाराने सांगणे. सत्त्वावजय याहून निराळा काय असतो?

यातून व्याधी बरा होईल, असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी म्हणू नये. २००१ मध्ये सोळा रुग्णांवरील परीक्षणात इम्युनोग्लोब्युलिनमुळे ताठरपणा लक्षणीय कमी झाल्याचे दिसले. २०१७ मध्ये चोवीस रुग्णांवर रिटक्सिमॅबचे परीक्षण झाले. तेथे औषध मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांत ठोस अंतर आढळले नाही, कारण औषध न मिळालेल्यांपैकीही काहींना बरे वाटू लागले होते. आपल्या चर्चासत्रांत एका रुग्णाच्या सुधारणेवर उभी राहणारी व्याख्याने ऐकताना हे परीक्षण आम्हांस हटकून आठवते. ज्या व्याधीत मनाच्या आश्वासनानेही ताठरपणा उतरतो, तेथे एका रुग्णाचा गुण हा औषधाचाच गुण कसा ठरवावा? मोर्श व वोल्टमन यांनी चौदा रुग्ण जमवले ते लिहून ठेवल्यामुळे. आपल्याकडे असे किती रुग्ण येऊन गेले असतील, याची मोजदाद करावयाची तर कागद कोठे आहे?

म्हणून संशयित रुग्णास पुढे पाठवताना सोबत नीट पत्र द्यावे, आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. ताठरपणा कधी सुरू झाला, कोणत्या अवयवात, निद्रेत सुटतो की नाही, आवाजाने व स्पर्शाने वाढतो की नाही, किती वेळा पडला, मधुमेह, अवटुविकार वा श्वित्र आहे काय, हे लिहावे. आपण आधी काही कल्प दिले असतील तर प्रत्येकाचे नाव, मात्रा, निर्माता आणि किती दिवस, हेही लिहावे. कुचला असलेला कल्प असेल तर तो ठळक अक्षरांत लिहावा. ‘आयुर्वेदिक औषधे चालू होती’ एवढ्या ओळीवरून समोरच्या चिकित्सकास काहीही कळत नाही.